रोजच्या घराचा अल्बम

लग्नाचा अल्बम बहुतेक घरांत असतो. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. त्यात निकाह असतो, वलिमा असतो, स्टेजवर ओळीने उभे राहिलेले नातेवाईक असतात. पण त्या लग्नानंतर त्याच घरात जी तीस-चाळीस वर्षे गेली, त्यांचा अल्बम कुठे असतो? फज्रला उठून चूल पेटवणारी दादी, दुकान बंद करून आल्यावर नातवाचे पाढे ऐकणारे अब्बा, एकाच ओढणीवरून भांडणाऱ्या दोन बहिणी, हे सारे कोणत्या पानावर सापडते? बहुधा कोणत्याच नाही.

आज घरटी एक-दोन कॅमेरे आहेत, कारण प्रत्येक मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. फोटो तर इतके निघतात की फोनमध्ये जागा उरत नाही. तरी ते उघडून पाहिले तर काय दिसते? वाढदिवसाचा केक, हॉटेलातले ताट, नवा कुर्ता, लग्नाच्या हॉलची सजावट. म्हणजे जे रोजचे नाही तेच. जे रोजचे आहे ते डोळ्यांसमोर असूनही आपल्याला दिसत नाही. या लेखात आपण त्या न दिसणाऱ्या घराविषयी बोलू. ते कसे पाहावे, कसे टिपावे आणि टिपताना कोणत्या मर्यादा पाळाव्यात, असे तीन प्रश्न त्यात आहेत.

पासपोर्टवरचा एकच फोटो

माझ्या नानींचा एकच फोटो आमच्याकडे आहे, तोही हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. पांढरी भिंत, ताठ मान, समोर रोखलेली नजर. ज्यांनी नानींना पाहिले नाही ती आमची मुले विचारतात, "त्या नेहमी इतक्या रागात असायच्या का?" आता त्यांना कसे सांगायचे की नानी हसल्या की तोंडाला पदर लावत, दुपारी पानदान उघडून बसत, आणि सुपारी कातरता कातरता गल्लीतल्या सगळ्या मुलांची हजेरी घेत! त्या फोटोत नानींचा चेहरा आहे, पण नानी नाहीत.

ही गोष्ट आमच्याच घरची नाही. आपल्या समाजात कितीतरी स्त्रियांचे फोटो आयुष्यात दोन-तीनदाच निघाले, आणि तेही सरकारी कामासाठी. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, आधार. घर सांभाळण्यात ज्यांचा सगळा जन्म गेला, त्यांचे घर सांभाळताना काढलेले एकही चित्र उरले नाही. आजही फारसा फरक पडलेला नाही. ईदच्या दिवशी सगळ्यांचा फोटो निघतो तेव्हा अम्मी शीरखुर्म्याच्या वाट्या भरत असते. "तुम्ही काढा, मी आले," असे ती आतून सांगते. ती येईपर्यंत फोटो निघून गेलेला असतो.

पडद्यामागे राहिलेले घर

कोकणातल्या मुस्लिम घरांत जुने फोटो पाहिले तर त्यांच्यामागे आखाताची कहाणी असते. १९७०च्या दशकात तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी-रायगडमधील गावोगावचे तरुण कुवेत, दुबई, सौदीला कामाला गेले. बायको-मुले गावी राहिली. वर्ष-दोन वर्षांनी एकदा सुट्टी. मधल्या काळात पत्र, आवाज भरून पाठवलेली कॅसेट आणि फोटो.

फोटो काढायचा म्हणजे तालुक्याच्या गावी स्टुडिओत जायचे. मुलांना ठेवणीतले कपडे, डोळ्यांत सुरमा, केसांना तेल. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कधी ताजमहाल, कधी धबधबा, कधी परदेशातली बाग. बाजूला प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. फोटो लिफाफ्यात घालून समुद्रापार जाई आणि तिकडे एका खोलीत सहा-आठ जण राहत, तिथे उशाशी जपला जाई.

त्या फोटोंनी कितीतरी संसार धरून ठेवले, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण आज ते पाहताना एक उणीव जाणवते. ज्या माणसाला घराची आठवण येत होती, त्याला घर काही दिसले नाही. त्याची पडवी, त्याची विहीर, मुलगा अभ्यासाला बसतो तो कोपरा, बायको तांदळाची भाकरी थापते ती परात, हे सारे त्या रंगवलेल्या पडद्यामागे राहिले. त्या काळी इलाज नव्हता, कॅमेरा स्टुडिओत होता. आज कॅमेरा हातात आहे आणि तरीही आपण फोटोसाठी पार्श्वभूमी शोधत राहतो. "इथे नको, इथे पसारा आहे," असे म्हणतो. पण वीस वर्षांनी त्या पसाऱ्यातच खरे घर सापडेल. भिंतीवरचे कॅलेंडर, शाळेचे दप्तर, फळीवरचे स्टीलचे डबे, दाराशी पडलेल्या सहा जोड चपला.

कॅमेरा स्त्रियांच्या हाती

घरातल्या आयुष्याचे फोटो कोण काढणार, हा प्रश्न जुना आहे. हैदराबादच्या सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये तिथे खास स्त्रियांसाठी 'जनाना स्टुडिओ' सुरू केला आणि तो श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपवला. पडद्यातल्या स्त्रियांना परपुरुषासमोर न येता फोटो काढून घेता यावा, म्हणून ही सोय होती. सव्वाशे वर्षांपूर्वीही आपल्या स्त्रियांना स्वतःचे चित्र हवे होते. अडचण फक्त ते कोण काढणार आणि कोण पाहणार, एवढीच होती.

पुढे हे काम आपल्याच मुलींनी हाती घेतले. ढाक्याच्या सईदा खानम १९५६ पासून 'बेगम' या स्त्रियांच्या बंगाली साप्ताहिकासाठी फोटो काढू लागल्या. बांगलादेशच्या पहिल्या व्यावसायिक महिला छायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मनोबीना रॉय आणि देबलीना मजुमदार या जुळ्या बहिणींना वडिलांनी लहानपणीच कॅमेरा दिला. पुढे मनोबीना चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी म्हणून मुंबईत आल्या, तरी कॅमेरा सुटला नाही. घरातली मुले आणि माणसे यांचे त्यांनी काढलेले फोटो आज अभ्यासले जातात. स्टुडिओ नाही, मोठी साधने नाहीत. घर हेच त्यांचे क्षेत्र होते.

तेव्हा घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या हाती फोन द्या आणि सांगा, "आज दादीच्या दिवसाचे दहा फोटो काढ." दादी नातीसमोर संकोचत नाही. घराच्या आत तिला जे दिसेल ते बाहेरच्या कोणत्याही छायाचित्रकाराला दिसणार नाही.

टिपायचे काय?

सही मुस्लिममधील एका हदीसचा आशय आपल्या सर्वांना माहीत आहे. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. ते कोणत्या संदर्भात सांगितले, हेही पाहण्यासारखे आहे. विषय गर्वाचा चालला होता. चांगले कपडे, चांगली पादत्राणे आवडणे हा गर्व आहे का, असे विचारले गेले. तो गर्व नाही, सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे हा गर्व आहे, असे उत्तर मिळाले. म्हणजे सौंदर्याची आवड योग्य आहे, दिखावा मात्र तिच्यापासून वेगळा ओळखायला हवा.

मग घरातले सौंदर्य कोणते? सही बुखारीत आणखी एक हदीस आहे. प्रेषित (स.) घरात काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारण्यात आले. ते घरच्यांच्या कामात, त्यांच्या सेवेत असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे त्यांनी सांगितले. त्या घराचे हे एक शब्दचित्रच आहे. त्यात थाटमाट नाही, घरचे काम आहे.

आपल्या घरातही तेच शोधावे. चेहऱ्यांच्या आधी हात पाहा. कणीक मळणारे, वजू करताना कोपरापर्यंत भिजलेले, तस्बीहचे मणी सरकवणारे, नातीच्या तळव्यावर मेंदी काढणारे, शिवणयंत्राखाली कापड सरकवणारे. मालेगाव-भिवंडीच्या घरांत यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारे हात असतील, कोकणात जाळे विणणारे असतील. या हातांवर घर चालते.

घरातल्या पुरुषांनाही फोटोत काम करताना येऊ द्या. रमजानमध्ये इफ्तारसाठी फळे चिरणारे अब्बा, ईदच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या कुर्त्यांना इस्त्री करणारा मोठा भाऊ, आजारी आईचे पाय चेपणारा मुलगा. मुलांनी मोठेपणी जुना अल्बम उघडला आणि त्यात बाप फक्त खुर्चीवर बसलेला दिसला, तर ती तेच शिकतील. तो भांडी विसळताना दिसला, तर तेही शिकतील.

सणाच्या दिवसापेक्षा आदला दिवस टिपण्यासारखा असतो. ईदच्या सकाळी सगळे नटलेले असतात, पण आदल्या रात्री घर जागे असते. खारका भिजलेल्या असतात, बदाम सोलले जात असतात, कोणीतरी शेवया तुपात परतत असते, कोणाचे तरी बटण तुटलेले असते. सहेरीला अर्धवट झोपेत जेवणारी मुले, इफ्तारआधी शेजाऱ्यांसाठी झाकून ठेवलेली ताटे, मुलाने पहिला रोजा ठेवला त्या दिवशी दुपारी चारला घड्याळाकडे लागलेले त्याचे डोळे. हे क्षण पुन्हा त्याच रूपात येत नाहीत.

आणखी एक सोपा उपक्रम आहे. दर ईदला, त्याच दाराशी, त्याच क्रमाने घरच्यांचा एक फोटो काढावा. दहा वर्षांनी ते फोटो शेजारी ठेवले की मुलांची उंची दिसते, दाराचा बदललेला रंग दिसतो, आलेली सून दिसते आणि रिकामी झालेली एक जागाही दिसते.

खिडकीचा उजेड

चांगल्या फोटोसाठी महागडा फोन लागतो, हा गैरसमज आहे. लागतो तो उजेड. प्रकाशाचा अभ्यास हा तर आपला जुना वारसा आहे. सुमारे ९६५ मध्ये बसरा येथे जन्मलेले इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाजिर' या ग्रंथात दाखवून दिले की डोळ्यांतून किरण बाहेर पडत नाहीत, तर वस्तूंवरून आलेला प्रकाश डोळ्यांत शिरतो आणि म्हणून आपल्याला दिसते. अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोगही त्यांनी केले. आजचा कॅमेरा म्हणजे अशी अंधारी खोलीच आहे.

या ज्ञानाचा घरगुती उपयोग साधा आहे. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर एका बाजूने येईल. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो. फ्लॅश बंद ठेवा, त्याने चेहरा सपाट होतो आणि बसलेले माणूस दचकते. सकाळचा आणि असरनंतरचा उजेड मऊ असतो. कौलारू घराच्या माजघरात अंधार असेल तर दार उघडा आणि दाराकडे तोंड करून काम करू द्या. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याची काच सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात वापरलेल्या फोनवर तेलकट बोटांचे ठसे असतातच, आणि धुरकट फोटोंचे कारण बऱ्याचदा तेवढेच असते. लांबून झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जा. मुलाचा फोटो काढताना जमिनीवर बसा, तुमची नजर त्याच्या नजरेच्या पातळीवर आली पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे "इकडे बघ, हस" असे म्हणू नका. माणूस कामात असू द्या. पहिले दोन-तीन फोटो अवघडलेले येतील, मग तो तुम्हाला विसरेल.

परवानगी, पडदा आणि अमानत

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो आपल्या अनेक वाचकांच्या मनात असेल. सजीवांचे फोटो काढण्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. १९१४ ते १९२० या काळात इजिप्तचे मुफ्ती असलेले शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोला परवानगी देताना असे मांडले की ही नवी निर्मिती नसून सावली अडवून ठेवणे आहे. आपल्या उपखंडातील अनेक उलमांनी मात्र सजीवांचा छापील फोटो गरजेपुरताच, म्हणजे पासपोर्टसारख्या कामापुरता, मान्य केला. मोबाईलच्या पडद्यावरील चित्राबाबतही त्यांच्यात एकमत नाही. प्रत्येक घराने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून चालावे.

पण ज्या घरात चेहऱ्याचा फोटो नको असेल, त्या घरालाही अल्बम करता येतो. रेहलवर उघडा असलेला कुरआन आणि शेजारी दादीचा चष्मा. घडी घातलेला जानमाज. अब्बांच्या हस्ताक्षरातली किराण्याची यादी. अम्मीच्या मसाल्याचा डबा, तिने ठिगळ लावलेली गोधडी, उंबऱ्यावरच्या चपला, अंगणातला मोगरा. असा अल्बम पाहणाऱ्याला ते घर ओळखता येईल.

ज्यांना चेहऱ्याचे फोटो चालतात, त्यांनाही मर्यादा आहेतच. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय जाऊ नये, असा आदेश आहे. त्याच सूरहमध्ये घरातल्या लहान मुलांनीसुद्धा तीन वेळी परवानगी घेऊनच आत यावे, असे सांगितले आहे. फज्रपूर्वी, दुपारी कपडे सैल करून विश्रांती घेतात तेव्हा आणि इशानंतर. घरातल्या घरात नजरेलाही जिथे परवानगी लागते, तिथे कॅमेऱ्याला ती का लागू नये? झोपलेल्या, आजारी, रडणाऱ्या माणसाचा, अंघोळ घालतानाच्या बाळाचा फोटो काढण्याआधी थांबावे. सून, वहिनी, पाहुणी यांना आधी विचारावे, आणि "नको" म्हणाली तर पुन्हा आग्रह करू नये.

काढण्याची परवानगी म्हणजे पाठवण्याची परवानगी नव्हे. घरचा फोटो ही अमानत आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला फोटो कोणाकोणाच्या फोनमधून कुठे जाईल, ते आपल्या हाती राहत नाही. म्हणून असे फोटो स्टेटसवर न टाकता घरातच ठेवलेले बरे. जकात-सदक्याची किट घेताना हात पुढे केलेल्या माणसाचा फोटो तर काढूच नये. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपला सदका वाया घालवू नका, ही सूरह बकराची ताकीद तिथे आठवावी.

काढलेले फोटो जपायचे कसे?

फोनमध्ये हजारो फोटो असणे म्हणजे अल्बम असणे नव्हे. फोन हरवतो, पाण्यात पडतो, बदलला जातो. म्हणून दर महिन्याच्या शेवटी दहा मिनिटे काढून फक्त पाच फोटो निवडा. वर्षाचे साठ होतात. ते छापून घ्या. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि नावे लिहा, कारण पेनची शाई पुढे फुटते. नाव न लिहिलेला फोटो दोन पिढ्यांत अनोळखी होतो.

चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो पिवळे पडतात आणि पुढे निघतही नाहीत, तेव्हा कोपऱ्यांत अडकवायचा किंवा खिशांचा अल्बम घ्या. कोकणच्या पावसाळ्यात बुरशी लागते, म्हणून अल्बम भिंतीला लागून ठेवू नका. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. छपाईसाठी पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि एक प्रत दुसऱ्या गावी, बहिणीच्या किंवा मामाच्या घरी ठेवा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला, तेव्हा घराघरांत पाणी शिरले. भांडी-फर्निचर पुन्हा घेता येते, भिजून गेलेला फोटो बाजारात मिळत नाही. फोटो भिजलेच तर एकमेकांना चिकटलेले ओढून काढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूच सोडवा आणि सावलीत, चित्राची बाजू वर ठेवून, वेगवेगळे वाळवा.

पाहणे म्हणजे शुक्र

तुम्ही शुक्र अदा केलात तर मी तुम्हाला आणखी देईन, असे सूरह इब्राहीममध्ये अल्लाहने वचन दिले आहे. पण जे दिसतच नाही त्याचा शुक्र कसा होणार? रोज वेळेवर पुढ्यात येणारे जेवण, धुऊन घडी केलेले कपडे, रात्री शेवटी दार लावून दिवा मालवणारे माणूस, या नेमती सवयीच्या होतात आणि सवयीमुळे अदृश्य होतात. फोटोच्या निमित्ताने आपण क्षणभर थांबतो आणि ते माणूस पाहतो. अम्मीचे हात कधी इतके सुरकुतले? अब्बा जिना चढताना कठड्याला कधीपासून धरू लागले? हे प्रश्न मनात आले की फोटोचे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम कॅमेऱ्याने होत नाही. भाकऱ्या थापणाऱ्या अम्मीचा फोटो काढलात, छान आला. आता फोन फळीवर ठेवा, हात धुवा आणि पुढची भाकरी तुम्ही भाजा. आणि कोणीतरी तुमचा व तिचा, दोघांचा मिळून एक फोटो काढेल असे पाहा, म्हणजे या वेळी ती फोटोबाहेर राहणार नाही.